बीफ आधी खरपूस, रस नंतर

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा असून गेले दीड वर्ष नोकरीनिमित्त न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. माझा एक कोरियन सहकारी वर्षभर आमच्याच घरात राहत होता. कामावरून आल्यावर तो अर्ध्या तासात बीफ आणि भाताचा एक वाडगा तयार करी आणि मलाही आग्रहाने वाढी. आता तो अटलांटाला गेला आहे. मी तीनदा तो पदार्थ करून पाहिला आणि तिन्ही वेळा फसला. एक पौंड बीफ खिमा, पाव कप सोया सॉस, पाव कप ब्राउन शुगर, आले-लसूण आणि तिळाचे तेल असे सगळे एकत्र कालवून कढईत टाकले, तर इतके पाणी सुटले की खिमा त्यातच शिजून करडा पडला आणि रबरासारखा झाला. पाणी आटेपर्यंत रसाचा पाक झाला होता. बासमती भातावर तो ओतला, तर सगळा तळाशी जाऊन बसला. मी संध्याकाळी साडेसातला घरी पोहोचतो, त्यामुळे वेळ थोडा असतो. घरातला दुसरा मित्र सांगलीचा आहे आणि तो बीफ खात नाही. पुढच्या महिन्यात कोरियन मित्र दोन दिवसांसाठी येणार आहे. त्याला माझ्या हातचा हा वाडगा खाऊ घालावा अशी फार इच्छा आहे. खिम्याचा वाडगा हा मुळात कोरियन पदार्थ आहे की ही अमेरिकी पळवाट आहे, हेही सांगावे.
— एक वाचक, एडिसन

उत्तर : तुम्ही काय काय घातले, किती घातले आणि कढईत काय झाले हे नेमके लिहिलेत, म्हणून दोष शोधणे सोपे झाले. साखर जास्त आहे, एवढे सोडले तर तुमचे जिन्नस योग्यच आहेत. बिघडला आहे तो त्यांचा क्रम. सोया सॉस, साखर, आले-लसूण आणि कच्चा खिमा हे सगळे एकाच वेळी कढईत गेल्यामुळे खिमा परतला गेलाच नाही, तो उकडला. भांड्यात पाणी आहे तोवर तिथले तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, आणि मांसाला जो तपकिरी रंग व खमंग वास येतो, तो त्याचा पृष्ठभाग साधारण 140 अंशांच्या पुढे तापल्यावरच येऊ लागतो. सोया सॉस म्हणजे मुळात खारट पाणी आहे, मीठ मांसातले पाणी आणखी बाहेर ओढते, आणि कढईचा तळ निमुळता असल्यामुळे एक पौंड खिम्याचा तिथे ढीग होतो. खालच्या थराची वाफ वरच्या थरात अडकते. हे पाणी आटेपर्यंत दहा-बारा मिनिटे गेली, तेवढ्यात खिमा आकसून चिवट झाला आणि मागे उरलेल्या साखरेचा पाक झाला. तिन्ही वेळा तेच घडले, कारण तिन्ही वेळा सुरुवात तीच होती.

आता कढई बाजूला ठेवा आणि सपाट, रुंद तळाचा, साधारण 30 सेंटिमीटर व्यासाचा पॅन घ्या. बिडाचा किंवा जाड स्टीलचा असेल तर उत्तम. नॉनस्टिक रिकामे असताना फार तापवू नये, म्हणून या कामाला ते मला आवडत नाही. पॅन मध्यम-मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे चांगला तापू द्या. तोवर खिमा पुडक्यातून काढून कागदी टॉवेलवर पसरा आणि वरूनही एक टॉवेल दाबून ओल टिपून घ्या. पॅनमध्ये चमचाभर साधे तेल फिरवा, खिमा बोटांनी ओबडधोबड तुकडे करत सगळीकडे एका थरात घाला आणि मग चार मिनिटे त्याला हात लावू नका. ही चार मिनिटे अवघड जातात, हे मला ठाऊक आहे; आपल्याकडे खिमा म्हटला की झारा सतत फिरत राहतो. पण इथे कान द्या. सुरुवातीला येणारा आवाज ओला, उकळल्यासारखा असतो. पाणी उडून गेले की तो बदलतो आणि कोरडा, चुरचुरणारा, तळणीसारखा होतो. तो आवाज आला की एक तुकडा उलटून पाहा. खालची बाजू भाकरीला पडतात तशा डागांनी तपकिरी झाली असेल, तर सगळा खिमा उलटा, लाकडी उलथन्याने फोडा आणि आणखी तीन मिनिटे परता. करडा खिमा आणि असा खिमा यांच्या चवीतला फरक पहिल्याच घासाला कळतो.

खिमा 85 टक्के मांस आणि 15 टक्के चरबी असलेला घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. याहून कमी चरबीचा खिमा कोरडा होतो आणि जास्त चरबीचा तुपकट. चरबी सुटली की पॅन तिरका करून चमचाभर मागे ठेवा आणि बाकीची एखाद्या रिकाम्या डब्यात काढा. ती सिंकमध्ये ओतू नका, कारण गार झाल्यावर ती नळीत गोठून बसते. उरलेल्या चरबीत बारीक चिरलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या आणि तीन पातीच्या कांद्यांचे पांढरे भाग अर्धा मिनिट परता. लसूण इतक्या उशिरा घालण्याचे कारण एवढेच, की सुरुवातीपासून घातला तर खिमा खरपूस होईपर्यंत तो करपून कडू होतो. आता आधीच वाटीत कालवून ठेवलेला रस ओता : एक पौंडाला, म्हणजे सुमारे 450 ग्रॅमला, 4 टेबलस्पून सोया सॉस, दीड टेबलस्पून साखर, अर्ध्या नाशपातीचा कीस, अर्धा चहाचा चमचा काळी मिरी आणि दोन टेबलस्पून पाणी. तापलेल्या पॅनमध्ये तो लगेच उकळेल, तळाशी चिकटलेला तपकिरी थर सोडवून घेईल आणि दोन मिनिटांत खिम्याच्या अंगासरशी येईल. तेवढ्यात आच बंद करा. भाताला थोडा रस लागतोच, म्हणून पार कोरडे करू नका. पॅन आचेवरून उतरल्यावर एक टेबलस्पून तिळाचे तेल, पातीचा हिरवा भाग आणि भाजून जरासे चुरडलेले तीळ घाला. आले हवे असल्यास अगदी थोडे किसून रसात घाला. दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात माझ्या ओळखीच्या घरांत ते नेहमी घालत नसत.

मी काही वर्षे सुवॉनला राहत होते, आणि तिथल्या शेजारणीच्या ओट्यापाशी उभी राहूनच मी हा पदार्थ शिकले. त्या बाई मांसाला मसाला लावण्याआधी ते कागदी टॉवेलच्या दोन थरांमध्ये ठेवत, तळव्याने हलके दाबत, टॉवेल लाल झाला की बदलत, आणि तिसरा टॉवेल जवळजवळ कोरडा निघाला की मगच वाटीकडे वळत. कोरियन घरांत याला रक्ताचे पाणी काढणे असे म्हणतात आणि ते कोणी टाळत नाही, कारण तेच पाणी पुढे पॅनमध्ये आडवे येते. मग त्या बाई बोटांच्या टोकांनी मसाला इतका अलगद कालवत की मांसाचा एक कापही तुटत नसे. या कृतीसाठी कोरियन भाषेत ‘जोमुल-जोमुल’ असा एक गोड अनुकरणवाचक शब्द आहे. एखाद्या बाईच्या हाताला चव आहे, असे आपण म्हणतो; त्यांच्याकडेही ‘सोन-मात’, म्हणजे शब्दशः हाताची चव, असाच शब्द आहे, आणि तो मी सर्वांत आधी त्याच ओट्यापाशी ऐकला.

साखरेबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण तुमच्या वाडग्यातला दुसरा मोठा दोष तिथे आहे. पाव कप म्हणजे चार टेबलस्पून ब्राउन शुगर एक पौंड मांसाला फार होते. इंग्रजी पाककृतींमध्ये हे प्रमाण सर्रास दिसते, पण घरगुती कोरियन पद्धतीत ढोबळ माप असे, की 100 ग्रॅम मांसाला जवळजवळ एक टेबलस्पून सोया सॉस आणि साखर त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. गोडी इथे सोया सॉसचा खारटपणा सावरून धरण्यापुरती असते, आमटीत गूळ असतो तशी. खाणाऱ्याला ती वेगळी जाणवू नये. साखर पांढरी असो की ब्राउन, फारसे बिघडत नाही. गोडीचा उरलेला वाटा नाशपाती उचलते. कोरियन नाशपाती ही मोठी, गोल, तपकिरी सालीची आणि करकरीत असते. ती न मिळाल्यास एखादे गोड सफरचंद किसून घाला, चवीपुरते तेही चालते.

नाशपातीचे दुसरे काम मांस मऊ करण्याचे. तिच्यात प्रथिने तोडणारे विकर असते, आणि हे तत्त्व तुम्हाला परके नाही : आपण मटणाला कच्च्या पपईचा कीस लावतो तो याच कारणाने. खिमा मुळातच बारीक झालेला असल्यामुळे त्याला या मदतीची गरज नाही, तिथे नाशपाती केवळ स्वादासाठी आहे. पातळ कापांना मात्र तिचा उपयोग होतो. कोणी किवी किंवा ताजे अननस घालण्याचा सल्ला देईल. ती दोन्ही फळे फार जोरकस आहेत. पौंडाला चमचाभर किवी आणि वीस-पंचवीस मिनिटे, याहून जास्त झाले तर कापांचा लगदा होतो. डब्यातले अननस या कामी निरुपयोगी आहे, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने त्यातले विकर नष्ट झालेले असते.

सोया सॉस आणि तिळाचे तेल या दोन बाटल्या एकदा उजेडात धरून पाहा. आपल्या चिनी पद्धतीच्या जेवणासाठी मिळणारा दाट, काळाकुट्ट सोया सॉस या पदार्थाला घातला तर रंग काळा आणि चव बोजड होते. कोरियन सोया सॉसला ‘कानजांग’ म्हणतात, आणि त्यातही सूपसाठीचा वेगळा असतो, जो रंगाने फिका पण जास्त खारट असतो. तो घेऊ नका, नेहमीच्या स्वयंपाकाचा घ्या. तेलाची गल्लत तर आपल्या लोकांकडून हमखास होते. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून तिळाचे तेल आणले असेल, तर ते बहुधा न भाजलेल्या तिळांचे, फिक्या पिवळ्या रंगाचे असणार. ते फोडणीला उत्तम, पण इथे त्याचा वासच येणार नाही. कोरियन तेल तीळ भाजून काढलेले असते; रंग गडद तांबूस, आणि झाकण उघडताच संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या स्वयंपाकघराचा वास. हा वास उष्णतेने लवकर उडून जातो, म्हणून ते शेवटी, आच बंद केल्यावर. तुम्ही ते सुरुवातीलाच घातलेत, त्यामुळे ते असून नसल्यासारखे झाले.

तिखटाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण कोल्हापूरकराला ते सुचल्यावाचून राहणार नाही. या पद्धतीचे बीफ मुळात तिखट नसते. गोचुजांग हा मिरची, चिकट तांदूळ आणि सोयाबीन आंबवून केलेला ठेचा साधारणपणे डुकराच्या मांसाच्या परतण्यात जातो. तरीही वाडग्यावर वरून चिमूटभर गोचुगारू, म्हणजे जाडसर कुटलेली कोरियन मिरची, घालायला हरकत नाही. ती नसेल तर बेडगी मिरचीच्या बिया काढून ती जाडसर कुटा. रंग आणि सौम्यपणा बराच जवळ जातो. लवंगी मिरची किंवा कांदा-लसूण मसाला मात्र नको. त्याने पदार्थ वाईट होणार नाही, पण मग तो तुमच्या मित्राच्या हातचा वाडगा राहणार नाही.

भाताकडे येते. बासमती हा तांदूळ शिजून मोकळा व्हावा म्हणूनच नावाजलेला आहे. त्यात अ‍ॅमायलोज हा स्टार्च जास्त असतो, म्हणून दाणे एकमेकांना धरत नाहीत आणि रस त्यांच्यामधून खाली उतरतो. कोरियन तांदूळ आखूड, गोलसर दाण्याचा असतो आणि शिजल्यावर दाणा अखंड राहूनही शेजारच्या दाण्याला चिकटतो, त्यामुळे रस वरच्या थरात मुरतो आणि चमच्यात मांस व भात एकत्र येतात. एडिसनमध्येच कोरियन किराणा दुकान आहे, तिथे तो सहज मिळेल. भारतीय दुकानात इंद्रायणी दिसला तर तोही निःशंक घ्या. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून आलेला हा तांदूळ चिकटपणात या पदार्थाला छान जमतो. त्याचा सुवास कोरियन भाताला नसतो, पण त्याने काही बिघडत नाही. तांदूळ पाणी बऱ्यापैकी स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार वेळा धुवा आणि अर्धा तास भिजवा. भिजवून पूर्ण निथळलेल्या तांदळाला त्याच्याच मापाचे पाणी पुरते. भिजवायला वेळ नसेल तर पाव भाग जास्त. उकळी आली की झाकण ठेवून अगदी मंद आचेवर बारा-तेरा मिनिटे, मग आच बंद करून झाकण न उघडता दहा मिनिटे वाफ धरू द्या. भात आसट करायचा नाही. दाणा चकचकीत आणि उभा दिसला पाहिजे.

आता तुमचा मूळ संशय : खिम्याचा वाडगा कोरियन आहे का? तुमचा मित्र करत असे त्या प्रकाराचे कूळ बुलगोगीचे. ‘बुल’ म्हणजे आग आणि ‘गोगी’ म्हणजे मांस. तिचा जुना अवतार नॉबियानी या नावाने ओळखला जातो. रुंद, पातळ काप सोया सॉसच्या मसाल्यात मुरवून निखाऱ्यावर भाजत. आज सोलमध्ये ती मध्ये फुगीर असलेल्या पॅनमध्ये, कडेच्या खोबणीत रस साठेल अशी करतात, तर उल्सानजवळच्या ऑनयांगमध्ये मांस जाळीवर पातळ थापून कोळशावर भाजतात. भातावर घातली की तिला ‘बुलगोगी दॉपबप’ म्हणतात. ‘दॉपता’ म्हणजे झाकणे आणि ‘बप’ म्हणजे भात, किंबहुना जेवणच, कारण कोरियात ‘बप खाल्लेत का’ असे विचारणे म्हणजे आपले ‘जेवलात का’. ही बुलगोगी मुख्यतः पातळ कापांची असते, हे खरे. पण बारीक मांस सोया सॉस, साखर, लसूण आणि तिळाच्या तेलात परतणे हेही कोरियन घरात रोजचेच आहे : बिबिमबपवर, म्हणजे भाज्या आणि मांस मिसळून खायच्या भातावर, घालायला असे मांस परतून घेतात, मध आणि गोचुजांग घालून परतलेला बीफ खिमा बरणीत भरून ठेवतात, आणि दक्षिणेकडच्या दाम्यांगची तॉकगाल्बी म्हणजे बरगडीचे मांस बारीक करून थापलेल्या टिक्क्याच. तेव्हा पाव कप ब्राउन शुगरची कृती अमेरिकेत रुळलेली आहे, खिमा मात्र पळवाट नाही. कामाच्या दिवशी मी स्वतः खिमाच करते.

सांगलीच्या मित्रासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागणार नाही, पण वेगळा पॅन आणि वेगळे उलथने ठेवा, आणि त्याचा भाग आधी करा. त्याने न मागता तुम्ही ही काळजी घेतलीत, तर त्याला तुमच्या घरात अवघडल्यासारखे होणार नाही. वाटीतला रस आधीच दोन भागांत काढा. किंग ऑयस्टर मशरूम लांबट फाडून, किंवा घट्ट टोफू दाबून पाणी काढून, त्याच नियमाने करा : कोरड्या तापलेल्या पॅनमध्ये आधी खरपूस, रस नंतर. मशरूमलाही खिम्यासारखेच पाणी सुटते, म्हणून तिथेही घाई नको. तो कोंबडी खात असेल तर मांडीच्या मांसाचे बारीक तुकडे घ्या. छातीचे मांस कोरडे पडते. महाराष्ट्रात राहून हे सदर वाचणाऱ्यांनाही हाच मार्ग सुचवते, कारण तिथे 2015 पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी आहे. मांडीच्या कोंबडीचा किंवा मटण खिम्याचा वाडगा याच रसात उत्तम होतो. मटण खिम्याला मिरी थोडी वाढवा.

साडेसातच्या हिशेबाने सांगायचे तर सकाळी निघताना तांदूळ धुऊन, पाणी घालून फ्रिजमध्ये ठेवा. आल्याआल्या तो निथळून शिजायला लावा, मग हातपाय धुवा, लसूण आणि पात चिरा, वाटीत रस कालवा. एक काकडी पातळ चकत्या करून मीठ चोळून ठेवा. दहा मिनिटांनी ती पिळून त्यात चमचाभर व्हिनेगर, चिमूटभर साखर, मिरची आणि तीळ घातले की तोंडीलावणे तयार, आणि मांसाच्या जडपणाला तिचा आंबटपणा फार उपकारक ठरतो. भाताची आच बंद केली की खिम्याचा पॅन तापत ठेवा. भात वाफ धरून बसतो तेवढ्यात खिमा होतो. याहून घाईचे दिवस येणार असतील, तर रविवारी जास्त भात करून तो गरम असतानाच एकेका माणसाच्या मापाने डब्यांत भरा, वाफ निवताच झाकण लावून फ्रीझरमध्ये टाका. खाताना चमचाभर पाणी शिंपडून मायक्रोवेव्हमध्ये गरम केला की तो ताज्यासारखा होतो. शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त ओट्यावर राहू देऊ नका, त्यात जिवाणू वाढून पोट बिघडते. कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच ठेवावा आणि शिजवताना तो आतपर्यंत 71 अंशांना पोहोचायला हवा. वर सांगितल्याप्रमाणे बारीक फोडून परतल्यास तो तेवढा तापतोच. शिजवलेला खिमा तीन-चार दिवस टिकतो.

मित्र येईल त्या दिवशी मात्र खिमा नको, पातळ काप करा. दोन दिवसांच्या पाहुण्यासाठी तेवढे करणे शोभून दिसते. कोरियन दुकानाच्या थंड कपाटात बुलगोगीसाठी कापलेले रिबआय किंवा सरलॉइन तयार मिळते. साधा तुकडा आणलात तर तो फ्रीझरमध्ये पाऊण तास ठेवा, म्हणजे घट्ट होऊन धारदार सुरीखाली सरकणार नाही, आणि तंतूंच्या आडवे, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप काढा. तंतूंच्या दिशेने कापले तर कितीही नाशपाती घातली तरी दोरे चावल्यासारखे लागते. कापांना रस आधी लावायचा, हा खिम्यापेक्षा वेगळा भाग. वरचाच रस पाण्याशिवाय, त्यात लसूण आणि तिळाच्या तेलाचा अर्धा वाटा घालून, अर्ध्या तासासाठी. काप इतके पातळ असतात की मसाला आत मुरतो आणि दोन मिनिटांत ते शिजतातही. पॅनमध्ये टाकताना हाताने उचलून जादा रस वाटीतच निथळू द्या, आणि एका वेळी निम्मेच काप घाला. पहिला घाणा ताटलीत काढून दुसरा करा, मग पातळ चिरलेला कांदा त्याच पॅनमध्ये परता, वाटीत उरलेला रस ओतून चांगला खळखळून उकळवा, कारण त्यात कच्चे मांस बुडालेले होते, आणि शेवटी सगळे काप परत आत घालून उरलेले तेल घाला.

वाडग्यात भात निम्म्याच्या थोडा वर, त्यावर मांस एका बाजूला आणि काकडी दुसऱ्या बाजूला. वाटल्यास एक अंडे फक्त एका बाजूने तळून, पिवळा बलक ओला ठेवून, मधोमध. चमचा आणि चॉपस्टिक दोन्ही वाडग्याच्या उजवीकडे मांडा. कोरियात भात चमच्यानेच खातात. भात मात्र चौघांचा शिजवा, कारण रस तळाशी उरला की मित्र पुन्हा भात मागेल.